आली का हवा

१

सायलेन्सर गाडीला लावायच्या आधी त्यात तोंडानं फुंकर मारून बघायची, ही त्या दोघा भावांची पद्धत. दुसरे मेकॅनिक हवेचा पंप लावतात, नाहीतर सरळ किक मारून मोकळे होतात. दादाला ते पटायचं नाही. तो म्हणायचा, बाकी सगळी गाडी डोळ्यांनी बघता येते, सायलेन्सर मात्र तोंडानंच बघावा लागतो. मग दादा मागच्या टोकाला तोंड लावून फुंकायचा आणि धाकटा पुढच्या टोकाला गाल लावून उकिडवा बसायचा.

"आली का हवा?"

"आली."

"कशी आली?"

"गार. सरळ. कुठे अडत नाही."

"मग उचल गाल. किती लाड करून घेणार आहेस?"

एवढं झालं की मगच सायलेन्सर गाडीला लागायचा. धाकट्याच्या गालावर काजळीचं गोल कडं उठायचं आणि वहिनी त्याला तोंड धुतल्याशिवाय ताटावर बसू द्यायची नाही.

आता दादा नव्हता. गेला त्या दिवशी थंडीचा वारा आत येऊ नये म्हणून घराखालच्या गॅरेजचं शटर खाली ओढून तो म्हातारीचं इंजिन चालवत बसला होता. म्हातारी म्हणजे त्यांची मोटरसायकल. त्यांच्या वडिलांपेक्षाही वयानं मोठी, म्हणून म्हातारी. तिच्या सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती. धूर मागून बाहेर जायचा तो खोलीतच साचला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल, झोप लागल्यासारखं झालं असेल. वहिनीनं शटर वर केलं तेव्हा पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबलेलं होतं.

धाकट्याची शाळा अर्धवट सुटलेली, नोकरी कुठे टिकलेली नाही. जे काही येत होतं ते दादाशेजारी बसून आलेलं. दादा गेल्यावर त्याला हातांचं काय करायचं तेच कळेना. बसल्या जागी तो बोटं मोडायचा आणि मधेच उठून भिंतीला लाथ मारायचा. वहिनीनं म्हातारीला भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा तर तो गॅरेजच्या दारात आडवा पडला होता. "आधी माझ्यावरून न्या," म्हणाला.

वहिनीला सातवा महिना होता. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं उभ्या उभ्याच निकाल दिला.

"रविवारी भंगारवाला येणार आहे. तोपर्यंत तिला नवा सायलेन्सर लाव आणि माझ्यासमोर चालवून दाखव. कुठूनही धूर गळता कामा नये. नाही गळला तर ठेव तुझी म्हातारी. गळला तर ती जाणार, आणि तू पुन्हा लोळण घ्यायची नाही."

तेव्हापासून धाकट्याच्या अंगात वारं शिरलं होतं. झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही, पण भकासपणा कुठल्या कुठे पळाला होता. दादानं सायलेन्सर आधीच आणून ठेवलेला होता. फडताळाच्या वरच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळून. अगदी म्हातारीच्याच जातीचा, तिच्याच काळातला, आणि कुठे पोचासुद्धा नाही. कुठून पैदा केला, हे दादानं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं की नुसता हसायचा.

धाकट्यानं तो डिझेलनं पुसला, चिंधीनं घासून असा चकचकीत केला की त्यात त्याचं नाक वांग्याएवढं दिसायला लागलं. मग बाकावर आडवा ठेवला. आता फुंकर. पण दुसऱ्या टोकाला गाल कुणाचा लावणार? डोकं चालवून त्यानं पातळ कागदाची एक पट्टी कापली आणि पुढच्या तोंडावर वरून चिकटवली, पडद्यासारखी. हवा आली की पट्टी बाहेर उडणार. मागच्या टोकाला तोंड लावून, डोळे तिरके करून बघितलं तर ती दिसत होती.

आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यानं छाती भरून घेतली आणि फुंकलं.

पट्टी हलली. पण बाहेर नाही. ती सावकाश आत गेली. नुसती टेकली नाही, आत वळली आणि तशीच राहिली. फुंकर संपली तरीसुद्धा.

मग ती सुटली आणि पुन्हा सरळ लोंबायला लागली.

२

"शटर उघडं होतं का?" वेल्डरनं विचारलं.

"होतं."

"मग झालं तर. बाहेरून वारा आला."

वेल्डरला सगळे ठिणगीकाका म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टाला छातीवर बारीक बारीक भोकं असायची. दादाचे ते जुने दोस्त. म्हातारीचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून निघून खाली वळत सायलेन्सरला जाऊन मिळणारा पाइप, तेच बनवत होते. माप म्हणून दादानं जुन्या पाइपच्या वळणाबरहुकूम वाकवलेली एक जाड तार होती. ठिणगीकाका नवा पाइप तापवायचे, थोडा वाकवायचे, तार लावून बघायचे, पुन्हा तापवायचे.

"वारा नव्हता, काका. पंख्याच्या पात्यावरची जळमटंसुद्धा हलत नव्हती."

"अरे, मग आतल्या जाळ्यांमुळे. सायलेन्सर म्हणजे सरळ नळी नाही, आत कप्पे असतात. हवा आत शिरते, गरगर फिरते, भोवरा होतो. भोवऱ्यानं कागद ओढला. मोरीत पाणी जाताना केस ओढले जातात की नाही?"

हे धाकट्याला एकदम पटलं. इतकं पटलं की तो बाकावर थाप मारून हसला. भोवरा. साधी गोष्ट. दादा असता तर त्यानं टपली मारली असती.

"हस, हस," ठिणगीकाका म्हणाले. "किती दिवसांनी दात दिसले तुझे. मला वाटलं पाडून घेतलेस की काय."

"रविवारी या तुम्ही. म्हातारी अशी बोलणार आहे ना, गल्लीतली कुत्री उठून उभी राहतील."

"येतो. पण तू जरा बस. कसल्या धापा टाकतोयस? डोंगर चढून आलास का?"

"धावत आलो."

"कशाला? पाइप पळून चालला होता?"

धाकटा पुन्हा हसला. गरम पाइप चिंध्यांत गुंडाळून काखेत मारला आणि निघाला. येताना तो धावतच आला होता, यात खोटं काही नव्हतं. पण घरापासून ठिणगीकाकांचं दुकान म्हणजे गल्लीचं दुसरं टोक. तो लहानपणापासून तिथं धावतच जायचा आणि कधी दमायचा नाही. परत जाताना तो चालत गेला, तरी मध्ये एकदा विजेच्या खांबाला हात टेकून थांबावं लागलं.

खांबाला टेकलेला असतानाच त्याच्या मनात आलं, की भोवरा फुंकर चालू असेपर्यंत राहील. फुंकर संपल्यावर कसा राहील?

पण काखेत पाइप होता. ऊबदार, नवा, हव्या त्या वळणाचा. त्यानं तो विचार तिथंच खांबापाशी सोडला.

३

वरच्या घरात जायला लाकडी जिना होता. धाकटा वर पोचला तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कोण म्हातारं माणूस चढतंय म्हणून बघायला आले," ती म्हणाली. "तर तू."

"काम करतोय, वहिनी. बेंड पाइप झाला. एकदम फक्कड. आता फक्त जोडायचं."

"पाणी पी आधी."

तो गटागटा प्यायला. वहिनीनं पेला काढून घेतला. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. दादा गेल्यापासून तिनं त्याला असं कधी धरलं नव्हतं.

"ओठ बघ तुझे. निळे दिसतायत."

"डिझेल लागलं असेल."

"डिझेल निळं असतं का?" तिनं हनुवटी सोडली. "शेवटी शेवटी तोही असाच धापा टाकायचा. जिन्याच्या मध्यावर बसायचा. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल, तर हसायला लागला. नुसता खुशीत होता. इतका खुशीत मी त्याला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं."

"कशामुळे?"

"मला काय माहीत? मला वाटलं, बाळामुळे."

गॅरेज बरोबर पायाखाली होतं. लाकडी तक्तपोशीतून खालचं सगळं ऐकू यायचं. पाना पडला तरी कळायचं, दादा कुठला नट आवळतोय तेही वहिनीला वरून कळायचं. आता खाली कुणी नव्हतं. तरी एक बारीक आवाज येत होता. पेल्यातलं तळाचं पाणी नळीनं ओढावं तसा. थांबायचा आणि पुन्हा यायचा.

"नळ चालू ठेवलास का?" वहिनीनं विचारलं.

"असेल," धाकटा म्हणाला.

खाली नळ नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन बाकावर पडलेलं असताना, धाकट्यानं दोन दोरे घेतले. शटर लावलं, खिडकी लावली, पंख्याचं बटण बंद केलं. एक दोरा सायलेन्सरच्या पुढच्या तोंडासमोर लोंबता बांधला, दुसरा मागच्या. स्वतः मागे सरकून भिंतीला पाठ लावून बसला आणि नाकावर हात धरला, म्हणजे त्याच्या श्वासाचा वारासुद्धा लागायला नको.

वारा असता तर एका टोकाचा दोरा आत गेला असता आणि दुसऱ्याचा बाहेर आला असता. एवढं कळायला शाळा लागत नाही.

बऱ्याच वेळानं दोरे हलले. दोन्ही एकाच वेळी. आणि दोन्ही आत गेले.

धाकटा बघत राहिला. दोन्हीकडून आत. मग जातंय कुठे?

इथं दुसऱ्या कुणाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. धाकट्याला मात्र भय वाटलं नाही. त्याला एकदम सगळं लख्ख कळलं, निदान त्याला तसं वाटलं. दादा हवेवाचून गेला होता. ह्याच खोलीत. त्याला हवा कमी पडली होती आणि द्यायला कुणी नव्हतं. आता तो मागत होता. दुसऱ्या कुणाकडे कशाला मागेल? आयुष्यभर त्याच्या फुंकरीसमोर गाल धरून कोण बसलं होतं?

तो इतक्या झटक्यात उठला की कोपऱ्यातला डिझेलचा डबा लवंडला. त्यानं सायलेन्सर दोन्ही हातांनी धरला आणि तोंड लावलं.

"दादा," तो पाइपात म्हणाला. "आली का हवा?"

आतली ओढ थांबली. कुणी कान देऊन ऐकावं तशी थांबली. उत्तर आलं नाही. मग ती पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि धाकट्याला फुंकावंसुद्धा लागलं नाही. तोंड उघडं ठेवलं की पुरे होतं. छातीतली हवा आपसूक निघून जायची. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की तो तोंड सोडायचा, खो खो खोकायचा, हसायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा लावायचा.

"घे," तो म्हणायचा. "घे रे. भरपूर आहे."

दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी देता येत होतं.

मध्ये एकदा दम खाताना त्याच्या मनात एक शंका येऊन गेली. दादाची सवय होती, गडबडीतसुद्धा त्याला बोलल्याशिवाय राहवायचं नाही. टोमणा मारल्याशिवाय तर नाहीच. आणि इथं जे होतं ते एक अक्षर बोलत नव्हतं. नुसतं घेत होतं.

आता त्याला बोलायला तोंड कुठलं, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि पुन्हा वाकला.

५

रविवारी सकाळी ठिणगीकाका हात बांधून उभे राहिले आणि धाकट्यानं जोडणी केली. सिलिंडरच्या तोंडात तांब्याचा नवा वायसर बसवला. बेंड पाइपचं टोक त्यावर टेकवलं, वरून पंख्यासारखे दाते असलेला मोठा नट फिरवला आणि हुक पान्यानं आवळला. खाली सायलेन्सर पाइपवर सरकवून क्लॅम्प लावला. एरवी ह्या कामात दोनदा तरी शिव्या निघतात, वळण जुळत नाही, बोल्टाचं भोक भोकासमोर येत नाही. आज सगळं असं बसलं, जसं काही सायलेन्सर स्वतःच पुढे सरकून जागेवर येत होता.

"तब्येत बरी नाही तुझी," ठिणगीकाका हळूच म्हणाले. "मढ्यासारखा दिसतोयस."

"आज नको, काका. आज काय बोलायचं ते म्हातारीला बोलू द्या."

वहिनी खाली आली. दादा गेल्यापासून ती गॅरेजच्या आत आली नव्हती. आजही उंबऱ्यापाशीच थांबली, पोटावर हात ठेवून. भंगारवाला टेम्पो गल्लीत लावून आला आणि म्हातारीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "लोखंड चांगलं आहे."

"लोखंड तुमच्या टेम्पोत असतं," धाकटा म्हणाला. "ही गाडी आहे."

"बघू की. बोलते का बघू."

धाकट्यानं पेट्रोलची चावी उघडली. किक मारायला त्याच्यात ताकद उरली नव्हती, हे पायडलवर पाय ठेवल्यावर त्याला कळलं. तरी त्यानं दात आवळून सगळं अंग पायावर टाकलं. पहिली किक वाया गेली. पुढची लागली.

आणि म्हातारी बोलली. घट्ट, गोल, खालच्या सुरात, एकेक ठोका वेगळा मोजावा असा. बाकावरचे पाने नाचायला लागले. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. ठिणगीकाकांचा चेहरा असा उजळला की ते ओळखू येईनात. भंगारवाल्यानंसुद्धा मान हलवली. धाकटा ओरडत होता, हसत होता, काय ओरडत होता ते इंजिनात कुणाला ऐकू येत नव्हतं.

ठिणगीकाकांनी जोडाजोडांवरून हात फिरवला. नट, क्लॅम्प, शिवण. "कुठे गळत नाही," ते ओरडले. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "धूरच नाही."

"बघितलंत?"

"अरे, पण थोडा तरी हवा. काहीतरी बाहेर यायला हवं ना?"

"साफ जळतंय, काका. एकदम साफ."

"मी बघते," वहिनी म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली.

जुन्या गाडीचा दाब बघायला सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरतात. हवेचे गरम फटके हाताला लागले की समजायचं, इंजिन जिवंत आहे. दादानं कधीतरी तिला ते दाखवलं असणार. तिनं एका हातानं सीट धरली, कष्टानं वाकली आणि दुसरा हात धरला.

धाकटा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आयुष्यात कशाची वाट बघितली नसेल अशी तो त्या चेहऱ्याची वाट बघत होता. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग भुवया वर गेल्या. साडीचा पदर तिच्या खांद्यावरून घसरला आणि त्याचं टोक सायलेन्सरच्या तोंडाकडे गेलं, उडालं नाही, गेलं, आणि कडेवरून आत वळलं. तिनं ते बघितलं. धाकट्यानंही बघितलं. ठिणगीकाका तेव्हा भंगारवाल्याशी बोलत होते.

वहिनीनं पदर हळूच काढून घेतला. हात मात्र तिथंच ठेवला. बराच वेळ.

मग ती सरळ झाली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "राहू दे. गाडी द्यायची नाही."

धाकट्यानं इंजिन बंद केलं आणि ठिणगीकाकांच्या गळ्यात पडला. पडला म्हणजे खरोखरच पडला, त्यांनी धरलं म्हणून बरं. भंगारवाला हसला. "कोपऱ्यावर जरा दुसरं सामान भरतोय," तो म्हणाला. "मन बदललंच तर हाक मारा."

"नाही बदलणार," धाकटा म्हणाला.

६

ठिणगीकाका गेले. वहिनी गेली नाही. दादाच्या बसायच्या लाकडी ठोकळ्यावर बसून ती पाइप थंड व्हायची वाट बघत राहिली. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करतं, तो आवाज खोलीत भरून राहिला. धाकटा भिंतीला टेकून सुखानं डोळे मिटून बसला होता. जिंकला होता तो. म्हातारी राहिली, दादा राहिला.

"मला शिकव," वहिनी म्हणाली.

"काय?"

"तू काय करतोस ते. वरून ऐकू येतं मला."

त्याला आधी आनंदच झाला. एकट्याला झेपत नव्हतं, आता दोघं झाली. तो उठला, सायलेन्सरचं टोक चिंधीनं पुसलं, कसं धरायचं ते दाखवलं. "फुंकायचं नाही, वहिनी. तोंड लावायचं नुसतं. बाकी तोच करतो."

ती मागच्या चाकाशी जमिनीवर बसली, पोट सांभाळत, कलती होऊन. डोळे मिटले आणि तोंड लावलं. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. चेहऱ्यावर अशी खुशी आली की धाकट्याला क्षणभर नजर वळवावीशी वाटली. दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरल्यासारखं झालं.

तो बघत राहिला. ती तोंड सोडून श्वास घेईल म्हणून थांबला. ती घेईना. गळ्याची शीर वर आली. ओठांच्या कडा पांढुरक्या झाल्या, मग निळसर. आणि तिचा पोटावरचा हात हलला. तिनं हलवला नव्हता. आतून कुणीतरी जोरात लाथ मारली होती. पुन्हा मारली. मग लाथा थांबल्या.

तेव्हा धाकट्याला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या छातीतलं तो वाटेल तितकं देऊन बसला असता. हे त्याच्या एकट्याचं नव्हतं.

"वहिनी, बस आता."

तिनं नुसती मान हलवली. नाही.

तिला ओढायचा धीर होईना. पाडली तर? त्याला सुचलं ते मेकॅनिकसारखंच सुचलं. वाट बंद करायची. त्यानं हुक पाना उचलला, इंजिनावरचा दातेरी नट सैल केला, क्लॅम्प ढिला करून बेंड पाइप सिलिंडरपासून बाजूला फिरवला. आता पाइपचं पुढचं तोंड मोकळं झालं. त्यानं त्यावर तळहात घट्ट दाबून धरला. दोन्ही टोकं बंद. एकीकडे ती, एकीकडे तो. हवा आता जाईल कुठे?

हवा जातच राहिली. तिचे गाल खोल गेलेले त्याला दिसत होते.

आणि त्याच्या तळहाताला आतून काहीतरी लागलं.

ओले ओठ होते ते. मऊ, बारीक, आंधळ्यासारखे चाचपडणारे. त्यांनी तळहाताचा मधला भाग शोधला, धरला आणि चोखायला सुरुवात केली. वासरू बोट धरतं तसे. मागे दात नव्हते.

धाकट्यानं त्या क्षणी काय काय पाहिलं, काय काय आठवलं, ते सांगून कुणाला पटणार नाही. एक मात्र त्याला पक्कं कळलं. दादा इतक्या वेळा त्याच्या गालाची पापी घेऊन पळाला होता, चिडवायला, लहानपणी. हे ओठ दादाचे नव्हते. माणसाचे असले तरी अजून पुरते झालेले नव्हते.

"वहिनी," तो म्हणाला. "सोड. तो दादा नाही."

तिनं तोंड बाजूला केलं. ओठ पदराला पुसले. दम लागला होता तरी चेहरा शांत होता, फार प्रेमळ.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण भूक लागलीय रे त्याला."

आणि ती पुन्हा वाकली.

धाकट्यानं तळहात खेचला. तो निघेना. कोपऱ्यावर टेम्पोचं इंजिन सुरू झालेलं त्याला ऐकू आलं, फाळका लावल्याचा आवाज आला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. घेऊन जा, ह्या म्हातारीला आत्ताच्या आत्ता घेऊन जा, पत्रा पत्रा करा हिचा, एवढंच म्हणायचं होतं. छाती भरायला त्यानं खोल श्वास घेतला आणि तो श्वास हाताकडून, खांद्याकडून, कुठून तरी खाली निघून गेला. तोंडातून आवाज आला नाही.

टेम्पो वळला. गल्लीत कुणीतरी शीळ घालत गेलं. समोरच्या खिडकीतली बाई अजून म्हातारीकडे बघत होती, आणि हसून तिनं त्याला हात केला.